गौरीजेवणाची डावी बाजू : दोन शेगड्या, एक कुकर, ओव्हन नाही

शेगडीदोन
यंदा गौरी आमच्याकडे. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी जेवायला बारा पानं. घर भाड्याचं, कर्वेनगरात. ओट्यावर दोन शेगड्यांचा गॅस, पाच लिटरचा कुकर, एक मिक्सर. ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह नाही. पोळ्या ओळखीच्या काकूंकडून येणार, तो विषय बंद. वरण-भात, बटाट्याची भाजी, अळूची पातळ भाजी आणि खीर घरीच.
अडलंय ते डाव्या बाजूपाशी. कोशिंबिरी, चटणी, पंचामृत, एकदोन प्रकारच्या वड्या एवढं हवं. नेटवर शोधलं की सगळीकडे 'बेक करा' नाहीतर 'रोस्ट करा'. तीन अटी आहेत : कांदा-लसूण नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही. बारातल्या एकाला शेंगदाणा अजिबात चालत नाही. नैवेद्य साडेबाराला. काय काय झेपेल?

आमसुली
ओव्हन नाही याचं दुःख करू नका. डावी बाजू सगळी वाफेवर आणि फोडणीवर चालते. खरी अडचण ओव्हनची नाही, चव न घेण्याची आहे. 'चवीनुसार मीठ' असं लिहिलेली पाककृती तुमच्या कामाची नाही. सगळं मापून घालावं लागेल, आणि झालंय की नाही ते डोळ्यांनी, बोटांनी, वासाने ओळखावं लागेल.
माझी निवड : काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचं भरीत, मिरच्यांचं पंचामृत, ओल्या नारळाची चटणी, अळूवडी. सहावं काही हवंच असेल तर कोथिंबीर वडी. सुरळीच्या वड्यांच्या नादी लागू नका. त्या पूर्ण चित्त मागतात, आणि ते त्या दिवशी मिळत नाही.

हिंगाष्टक
सुरळीच्या वड्यांवर अन्याय होतोय, पण त्यावर नंतर. आधी मिठाचा हिशेब.
छोटा चमचा सपाट भरून बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं. कोशिंबिरीला एकूण वजनाच्या १ टक्का पुरतं, कारण दही, लिंबू, मिरची चव वर उचलतात. बेसनाच्या वड्यांना त्याहून वर जावं लागतं. बेसन मीठ खातं. म्हणजे अर्धा किलो कोशिंबिरीला जेमतेम सपाट चमचा. एक वाटी बेसन आणि दोन वाट्या कोथिंबीर असलेल्या वडीला पाऊण चमचा. अळूवडीचं माप निराळं, त्यात चिंच-गूळ असतो.
वाटी म्हणजे २०० मिलीची. घरातल्या वाट्या १२० पासून २५० पर्यंत काहीही असतात. एक वाटी निवडा, तिच्यात पाणी ओतून मोजा आणि दिवसभर तीच वापरा. त्या मापाची बेसनाची वाटी साधारण ९० ग्रॅम. खडेमीठ, जाड मीठ वापरत असाल तर चमच्याचं माप चुकणार, ते वजनानेच घ्या.

ओटाकर
काकडी. बारा पानांना पाऊण किलो पुरे, वाढताना एकेक डावच जातो.
किसू नका. चोचवा. काकडी हातात धरून सुरीने उभे-आडवे बारीक घाव घालायचे आणि मग वरून पातळ कापत जायचं. किसलेल्या काकडीचा लगदा होतो, चोचवलेली कुरकुरीत राहते. जून असेल तर उभी चिरून बियांचा गर काढून टाका, पाणी मुख्यतः तिथेच असतं.
चोचवून झाली की चाळणीत अर्धा तास ठेवा आणि मुठीने हलकी पिळा. आत्ता मीठ लावायचं नाही. मीठ लागलं की काकडी पाणी सोडतच राहते आणि पान वाढेपर्यंत कोशिंबिरीचं सार होतं. वाडग्यात काकडी, कूट, खोवलेला नारळ, साखर एक चमचा, वरून फोडणी, एवढं तयार ठेवा. मीठ आणि लिंबू शेवटच्या पाच मिनिटांत. नैवेद्याची वाटी आधी कालवा, बाकीची पंगत बसताना.
पिळलेलं पाणी ओतू नका, कणीक भिजवायला घ्या.

तीळगुळी
कूट म्हणजे दाण्याचं. त्यांच्याकडे दाणा न चालणारा माणूस आहे.
तिळाचं कूट घ्या, पण एक तृतीयांशच. पाऊण किलो काकडीला दाण्याचं कूट पाऊण वाटी लागतं, तिळाचं पाव वाटीच्या वर गेलं तर कडसर लागतं. तीळ मंद आचेवर तडतडायला लागेपर्यंतच भाजा, रंग बदलायची वाट बघू नका. पूर्ण गार करून मिक्सर एकेक सेकंद थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. त्यांना तीळ चालतो ना, तेवढं आधी विचारून घ्या.
एकाच्या पानात वेगळं वाढण्यापेक्षा सगळ्यांसाठीच बिनदाण्याचं करा. एकच डाव दोन वाडग्यांत फिरतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. मिक्सरचं भांडंही आदल्या आठवड्यात दाण्याच्या कुटाला वापरलं असेल तर झाकणाच्या रबरासकट धुवा. आणि तळणीचं तेल बघा. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर त्या दिवशी सूर्यफुलाचं आणा.

शेगडीदोन
तेलाचं डोक्यातच आलं नव्हतं. घाण्याचंच आहे. बदलते. तीळ चालतो त्यांना. काकडी कडू निघाली तर? चव घेता येणार नाही.

ओटाकर
कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो. देठाकडचं बोटाच्या पेराएवढं टोक आपण टाकतोच, ते नैवेद्यात जात नाही. ते घरातल्या कुणाला तरी खायला द्या. पोरं असतात कशाला. टोक कडू लागलं तर त्या काकडीचं साल जाड काढा आणि आणखी दोन बोटं कापून पुन्हा टोक द्या. तरीही कडूच लागली तर अख्खी बाजूला, एका कडू काकडीने सगळं वाडगं जातं.

सोवळंओवळं
हे पळवाटेतलं झालं, पण शास्त्राला धरून आहे म्हणायला हरकत नाही.

आमसुली
भोपळ्याचं भरीत सांगते, कारण ते सगळ्यात कमी बिघडतं आणि तरी लोक बिघडवतात.
लाल भोपळा ७५० ग्रॅम, साल आणि बियांचा गर काढून दोन इंची फोडी. पाण्यात उकडायच्या नाहीत. कुकरच्या डब्यात पाणी न घालता, झाकण ठेवून, शिटी न लावता १२ मिनिटं वाफ. सुरी सहज गेली पाहिजे, फोड मोडता कामा नये. मग चाळणीत दहा मिनिटं निथळा. ही पायरी गाळली की भरीत पातळ.
काट्याने जाडसर मोडा, मिक्सर नको. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या घट्ट दही, दीड सपाट चमचा मीठ, एक चमचा साखर. तुपाची जिरं, हिंग, हिरवी मिरची अशी फोडणी, तीही कोमट झाल्यावर. भोपळा किंवा फोडणी गरम असताना दही घातलं तर दही फुटतं, कडेला पाणी आणि मध्ये कणी दिसते. तसं झाल्यावर इलाज नाही.
दही गोडसर हवं. रात्री दहाला विरजलं तर सकाळी सातला फ्रिजमध्ये जायला हवं, दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं तर आंबतं. विकतचं पातळ निघालं तर तासभर फडक्यात टांगा.

कोथरूडी
प्रत्येक कोशिंबिरीला वेगळी फोडणी करू नका. पाच मोठे चमचे तूप, दीड चमचा जिरं, पाऊण चमचा हिंग, पाच-सहा मिरच्यांचे तुकडे अशी एकच फोडणी करायची आणि पळीने वाटून टाकायची. शेगडी तीन मिनिटं अडते, वीस नाही. हळद-मोहरीची हवी त्याची वेगळी.

हिंगाष्टक
पंचामृत. बारा पानांना दीड वाटी झालं तरी उरतं, चमचाभरच वाढायचं असतं.
जाड, कमी तिखट मिरच्या १०० ग्रॅम, अर्ध्या इंचाचे तुकडे. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप पाव वाटी. दाण्यांऐवजी काजूचे तुकडे आणि बेदाणे मिळून पाव वाटी (काजू चालतो का तेही विचारा). चिंच ३० ग्रॅम, गूळ अर्धी वाटी दाबून, भाजलेल्या तिळाचं कूट तीन मोठे चमचे, गोडा मसाला एक चमचा, मीठ पाऊण चमचा, मेथीदाणे दहाच. दहा म्हणजे दहा.
दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, मेथी. मेथी बदामी झाली की लगेच मिरच्या टाका. मेथी लाल होईपर्यंत थांबलात तर पंचामृत कडू, मग गूळ कितीही घाला. मिरच्या दोन मिनिटं परता, खोबरं आणि काजू घाला, मग चिंचेचा कोळ आणि दीड वाटी पाणी. पाच मिनिटं चांगलं उकळू द्या. चिंचेचा कच्चा वास गेला की गूळ, मीठ, मसाला, बेदाणे. गूळ आधी घातला तर मिरच्या शिजता शिजत नाहीत. तिळाचं कूट सगळ्यात शेवटी, मग फक्त दोन मिनिटं.
गॅस बंद करताना ते आमटीपेक्षा जरासंच दाट दिसलं पाहिजे. गार झाल्यावर तीळ आणि गूळ दोन्ही ते घट्ट करतात. कढईत हवं तेवढं दाट दिसलं तर पानात चिकी वाढाल.
बिनकल्हईचं पितळेचं पातेलं यासाठी काढू नका, चिंच पितळ उतरवते. स्टील किंवा दगडी.

आमसुली
मेथीऐवजी मेथीची पूड अर्धी चिमूट शेवटी घातली तर करपायची भीतीच नाही.

हिंगाष्टक
चालेल. पण तेलात फुललेल्या मेथीचा वास पुडीला येत नाही. घाबरणाऱ्याने पूड घालावी.

शेगडीदोन
पंचामृत आणि अळूवडीचे उंडे (पीठ लावून गुंडाळलेल्या पानांच्या वळकट्या) आदल्या दिवशी करून ठेवू का? दोन्ही टिकतात म्हणतात.

सोवळंओवळं
टिकण्याचा प्रश्न नाही. शिजवलेलं शिळं नैवेद्याला चालत नाही, इतकं साधं आहे.

कोथरूडी
घराघरांवर आहे हो. पुष्कळ घरांत गौरी आवाहनाच्या दिवशी उंडे वाफवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तळतात. देवीने कुणाला परत पाठवलेलं ऐकलं नाही.

सोवळंओवळं
ऐकू येत नाही म्हणून चालतं असं नाही. नैवेद्यापुरता एक लहान उंडा सकाळी करा आणि बाकीचे आदल्या दिवशी, मग माझं काही म्हणणं नाही.

ओटाकर
भांडण बाजूला ठेवून : विस्तव न लागणारी आणि कोरडी तयारी आदल्या दिवशी संपवा, तिला कुणाचीच हरकत नसते. तीळ भाजून कूट, नारळ खोवून फ्रिजमध्ये, गूळ चिरून, चिंच निवडून, कोथिंबीर निवडून-धुऊन पंचावर पसरून, अळूची पानं धुऊन-पुसून ओल्या फडक्यात. निम्मा वेळ तिथेच जातो.

रविवारपेठी
अळूवडी लिहितो. तीन उंडे, म्हणजे ३० च्या आसपास वड्या.
आधी पानं. मंडईत वडीचा अळू आणि भाजीचा अळू वेगवेगळे मागायचे. वडीच्या पानाचा देठ काळसर-जांभळा, पान जाड आणि गडद. भाजीचा अळू हिरव्या देठाचा, त्याच्या वड्या मऊ पडतात. मध्यम आकाराची १५ पानं, भोकं नसलेली. गणपतीत सकाळी आठनंतर गेलात तर फाटकी पानं राहतात. पाऊस असेल तर चांगली पुसून घ्या, ओल्या पानावर पीठ बसत नाही.
चिरण्याआधी हाताला तेल. पान पालथं ठेवून मधली जाड शीर सुरीने तासायची, मग सगळ्या शिरांवरून लाटणं फिरवायचं. शिरा राहिल्या की गुंडाळताना पान तडकतं, आणि खाजेचं मूळही तिथेच असतं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. त्यावर चिंच हवी आणि पूर्ण वाफही हवी, दोन्हींपैकी एकाने भागत नाही.
पीठ : बेसन तीन वाट्या, तांदळाचं पीठ अर्धी वाटी, ६० ग्रॅम चिंचेचा दाट कोळ पाऊण वाटी, गूळ पाऊण वाटी, तिखट दोन चमचे, गोडा मसाला एक मोठा चमचा, तीळ दोन मोठे चमचे, हळद, हिंग, मीठ दीड चमचा. गूळ कोळात विरघळवून घ्या आणि मग पीठ घाला. पाणी बेताबेताने, साधारण अर्धी-पाऊण वाटी. चमचा उलटा धरला तर पीठ लगेच पडता कामा नये. पातळ झालं तर वाफेत सगळं बाहेर येतं.
सगळ्यात मोठं पान खाली, पालथं, टोक आपल्याकडे. पातळ थर. त्यावर दुसरं पान उलट्या दिशेने, पुन्हा थर. पाच पानं झाली की दोन्ही कडा दीड इंच आत मुडपायच्या, मुडपलेल्यावरही पीठ लावायचं, मग घट्ट गुंडाळायचं. प्रत्येक वळशाला पीठ. कोरडा वळसा राहिला तर तळताना तिथेच सुटतो.
चाळणीला तेल लावून जोड खाली करून ठेवा, शिटी काढून २५ मिनिटं. कुकरमध्ये पाणी दीड इंच आणि त्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची साल, म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. सुरी घातली तर कोरडी निघाली पाहिजे. गरम उंडा कापू नका, पानं आणि पीठ वेगळे होतात. तासभर तरी गार होऊ द्या.
तळणीत सोडण्यापेक्षा तव्यावर चमचा-चमचा तेल सोडून दोन्ही बाजूंनी मध्यम आचेवर परता. तेल कमी आणि वड्या सुटत नाहीत.

खमंगकाठी
एअर फ्रायरमध्ये छान होतात, १८० वर बारा मिनिटं, वरून तेलाचा ब्रश.

रविवारपेठी
त्यांच्याकडे ओव्हन नाही म्हणून धागा काढलाय, तुम्ही ओव्हनचा धाकटा भाऊ सुचवताय. असेल त्यांनी जरूर करा. पण गुळाच्या वड्या आठव्या मिनिटाला बघा, कडा पटकन काळ्या होतात.

शेगडीदोन
एकाच कुकरमध्ये भोपळा आणि उंडे एकदम लावता येतील का?

रविवारपेठी
येतील. तळाला भोपळ्याचा झाकण लावलेला डबा, त्यावर उंड्यांची चाळणी. चाळणीवर एक पातळ फडकं टाका. कुकरच्या झाकणाला साठलेलं पाणी उंड्यांवर ठिबकलं तर वरचं पान गिळगिळीत होतं. भोपळा बारा मिनिटांत होतो, तो काढायला उंडे उचलत बसू नका. फोडी तीन इंची करा, मग २५ मिनिटं राहिल्या तरी पीठ होत नाहीत.

वाटीभर
कोथिंबीर वडीचं कुणी लिहिलं नाही. एक मोठी जुडी, चिरून चार वाट्या. बेसन दोन वाट्या, तांदळाचं पीठ चार मोठे चमचे, तीळ दोन मोठे चमचे, आलं-मिरची वाटून दोन चमचे, हळद, हिंग, ओवा अर्धा चमचा, साखर एक चमचा, मीठ दीड चमचा, गरम तेल दोन मोठे चमचे.
वड्या चिकट होतात याचं कारण जवळजवळ नेहमी पाणी. कोथिंबीर आधी धुवा, वाळवा, मग चिरा. चिरून धुतलेली कोथिंबीर पाणी धरून ठेवते आणि वासही घालवते. मीठ लावलं की ती आपलं पाणी सोडते, म्हणून मीठ-मसाला लावून दहा मिनिटं थांबा, मग पीठ मिसळा, आणि त्यानंतर गोळा होईल एवढंच पाणी शिंपडा. पाव वाटीच्या वर लागू नये. तेल लावलेल्या थाळीत अर्धा इंच थापा, १८ मिनिटं वाफ. गार झाल्यावर कापा. तळताना तेल तापलेलं हवं, कोमट तेलात वडी तेल पिते आणि कोथिंबीर काळपट होते.

हिंगाष्टक
आता सुरळीच्या वड्या. ढवळत बसायला शेगडी आणि माणूस दोन्ही अडतात ही तक्रार खरी, म्हणून कुकरची रीत.
बेसन एक वाटी, आंबट दही एक वाटी, पाणी दोन वाट्या. आलं-मिरचीचा नुसता रस, गाळून. हळद, हिंग, मीठ एक चमचा, साखर अर्धा. रवीने घुसळून चाळणीतून गाळा, गुठळी राहिली तर पट्टी तिथेच फाटते. झाकणाच्या डब्यात घालून कुकरला तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरल्यावर डबा उघडला की वर पाणी आणि खाली गोळा दिसेल. बिघडलं समजून फेकू नका. गरम असतानाच रवीने दोन मिनिटं जोरात घोटा, तुकतुकीत होतं.
परीक्षा चव न घेता : चमचाभर ताटाच्या पाठीवर पसरा, मिनिटभराने कड उचला. सोलून आली तर झालं. बोटाला चिकटली तर कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं आणखी. न पसरता गोळेच राहिले तर जास्त आटलंय, दोन चमचे गरम पाणी घालून घोटा.
ताटाला तेलाचा पुसट हात, थबथबलं तर पीठ सरकतं. वाटीच्या बुडाने झरझर पातळ पसरायचं, तीन मोठी ताटं लागतात, ती आधीच पालथी मांडून ठेवा. दोन इंची पट्ट्या, नारळ-कोथिंबीर भुरभुरून गुंडाळा. वरून हिंग-मोहरीची फोडणी. वाटीभर पिठाच्या पंचवीसेक होतात.

आमसुली
कुकरच्या रीतीने माझा विरोध निम्मा कमी झाला. तरी बारा पानांना या किंवा कोथिंबीर वडी, दोन्ही नको.

कोथरूडी
चटणी राहिली. एक नारळ, कोथिंबीर मूठभर, मिरच्या पाच, आलं अर्धा इंच, लिंबू एक, साखर दोन चमचे, मीठ एक चमचा. डाळं दोन मोठे चमचे घातलं तर पाणी सुटत नाही. हिरवी राहायला हवी तर लिंबू वाटतानाच घाला आणि बर्फाचं पाणी वापरा. मिक्सर सलग फिरवलात तर भांडं तापतं आणि चटणी काळवंडते. नारळाची पाठ घेऊ नका, पांढरं तेवढंच.

ओटाकर
वेळेची मांडणी लिहितो. नैवेद्य साडेबारा.
साडेसात : पहिल्या शेगडीवर कुकर (भोपळा आणि उंडे), दुसरीवर पंचामृत. सव्वाआठला दोन्ही उतरले पाहिजेत. तोवर खाली बसून काकडी चोचवायची. सव्वाआठ : कुकरमध्ये सुरळीचा डबा किंवा कोथिंबिरीची थाळी, दुसरीवर अळूच्या भाजीची डाळ-दाणे… दाणे नाहीत, नुसती डाळ. नऊनंतर कुकर वरण-भाताचा आणि बटाट्यांचा, त्याला हात लावू नका. साडेनऊ ते अकरा भाज्या आणि खीर. अकराला एकच मोठी फोडणी, भरीत कालवून फ्रिजमध्ये, चटणी वाटून. साडेअकराला तळण. बारा पंचवीसला नैवेद्याच्या काकडीत मीठ-लिंबू.
तळणीचा क्रम : आधी कुरड्या आणि पापड, तेल कडक आणि स्वच्छ असताना. बेसनाचं काहीही नंतर, त्याचा चुरा तळाशी बसून करपतो आणि मग कुरडईला काळे ठिपके येतात. कुरड्या तळून डब्यात बंद, भाद्रपदातली हवा त्या वीस मिनिटांत मऊ करते.

सोवळंओवळं
विसर्जनाच्या दिवशी वाटली डाळही करणार असाल तर तीही वाफेवर होते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, निथळून, पाणी न घालता जाडसर वाटा. थाळीत पसरून १२ मिनिटं वाफ, गार झाल्यावर हाताने मोकळी करा, मग फोडणीत परता. कच्ची वाटून थेट फोडणीत घातली तर जवळजवळ दुप्पट तेल मागते आणि कढई सोडत नाही.

शेगडीदोन
काकडी, भरीत, पंचामृत, चटणी, अळूवडी आणि कुकरच्या सुरळीच्या वड्या, एवढं ठरलं. भाजीच्या अळूचे देठ उरतील. सगळे भाजीत घालायचे का?

आमसुली
चार-पाच जाड देठ बाजूला ठेवा, देठी करा. साल सोलून (हाताला तेल) इंचभराचे तुकडे, चिंचेचा छोटा गोळा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकडून पाणी पूर्ण ओतून द्या. पळीने मोडा, गार झाल्यावर वाटीभर दही, मीठ पाव चमचा, साखर अर्धा. फोडणी तीच मोठ्या पळीतली. चिंच विसरलात तर घसा खाजेल, आणि उकडलेलं पाणी ठेवलंत तरी खाजेल.

रविवारपेठी
वडीच्या पानांचे काळे देठ यात घालू नका, ते जास्त खाजतात. भाजीचे हिरवेच घ्या.